ताईला सांगितलेले आकडे

छोटू हे नाव ताईने ठेवलं तेव्हा तो पाळण्यात होता. आता तो बेचाळीस वर्षांचा होता, घरं रंगवण्याची कामं घेत होता आणि वजन होतं एकशे चार किलो. तरी ताईच्या तोंडी छोटूच. आई लवकर गेली, आणि लोकांचे कपडे शिवून ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं तेव्हा कुणी विचारायच्या आत तो म्हणाला, "माझी घ्या."

रक्तगट जुळला, बाकी सगळं जुळलं. अडलं ते वजनावर.

"नव्वदच्या खाली या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण घाई नको. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ. सहा-आठ महिने धरा. मधे काही आठवडे काटा हलणारसुद्धा नाही, तेव्हा घाबरून जाऊ नका."

"आठ महिने?" बाहेर बाकावर बसलेल्या ताईसमोर त्याने छाती ठोकली. "अगं, दोन महिन्यांत चौदा किलो उतरवून दाखवतो. तू फक्त ऑपरेशनची तारीख काढ!"

ताई हसली. आजारी पडल्यापासून ती अशी हसली नव्हती. छोटू दोन दिवस हवेत होता.

पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले. त्याने गल्लीभर सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात तीनशे ग्रॅम गेले. तिसऱ्यात काही नाही. उकडलेल्या भाज्या खाल्ल्या, गोड बंद केलं, सकाळी तासभर चालला, आणि काटा ढिम्म. त्याने काट्याची जागा बदलली, अंगातला सदरा काढला, श्वास सोडून उभा राहिला. बायको म्हणाली, "श्वासाचं वजन कितीसं असणार हो?"

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. "किती झालं रे?"

"सहा गेले," तो म्हणाला. कसं म्हणाला त्याचं त्यालाच कळलं नाही. तिकडून ताईचा समाधानाचा सुस्कारा ऐकू आला आणि आता मागे फिरायची सोय उरली नाही.

एक खोटं बोललं की त्याला सांभाळायला दुसरं लागतं. सहाचे आठ झाले, आठाचे दहा, दहाचे बारा. काट्यावर मात्र चारच गेले होते. वास्तविक हे चारही डॉक्टरीणबाईंच्या हिशेबात अगदी बरोबर बसत होते. पण छोटूला ते चार आठवायचे तेव्हा लाजच वाटायची, जणू कुणी उसनवारीने दिले होते. ताईकडे जाणं त्याने टाळायला सुरुवात केली. कधी काम निघालं, कधी पाहुणे आले. एकदाच, दुसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला, तो तिच्याकडे गेला. मुद्दाम ढगळ सदरा घातला आणि चहा संपायच्या आत उठला. ताईने दारापर्यंत येऊन त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

दोन महिन्यांनी ठरलेल्या इस्पितळातल्या तपासणीचा दिवस जवळ आला तशी त्याची पाचावर धारण बसली. ताईला ब्याण्णव सांगितलेलं, आणि काटा शंभरावर! तपासणीआधीचे तीन दिवस त्याने अन्नाला शिवायचं नाही असं ठरवलं. तिसऱ्या दिवशी तर पाणीही घोटभरच. त्या दिवशी एका घराच्या दिवाणखान्यात छताची कडा रंगवायची होती. त्याचा कामातला जोडीदार, ज्याला सगळे लांब्या म्हणत, खालून ओरडला, "अरे, पांढरा रंग भिंतीला द्यायचाय, तुझ्या तोंडाला कुणी दिला? उतर खाली!"

"झालंच," म्हणत छोटूने ब्रश उचलला आणि शिडीच्या चौथ्या पायरीवरून रंगाच्या डब्यासकट खाली आला.

मनगट मोडलं. डोकं वाचलं ते जमिनीवर अंथरलेल्या चादरींमुळे. लांब्याने त्याला गाडीत घातलं आणि ताई उपचार घ्यायची त्याच इस्पितळात नेलं, कारण छोटूची बायको त्या वेळी तिथेच होती. ताईचा डायलिसिसचा दिवस होता.

औषधाचं प्रमाण ठरवायचं म्हणून नर्सने त्याला काट्यावर उभं केलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "नव्व्याण्णव!"

छोटूने मान वळवली. दारात चाकाच्या खुर्चीत ताई होती, मागे त्याची बायको.

"काटा बिघडलाय," तो पुटपुटला.

"सकाळीच तपासून घेतलाय," नर्स म्हणाली आणि पट्टी आणायला गेली.

केसांत, भुवयांत पांढरा रंग वाळत चाललेला, हात गळ्यात अडकवलेला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. ताईने त्याच्या बायकोला बाहेर थांबायला सांगितलं.

"मला माहीत होतं छोटू," ती म्हणाली. "मागे घरी आलास ना, तेव्हाच. पस्तीस वर्षं लोकांच्या कमरा मापल्यात मी. ढगळ सदरा घालून मला फसवतोस होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुला द्यायची नाहीये. भीती वाटली असेल, आणि तोंडावर नाही म्हणवत नाही म्हणून आकडे सांगतोयस. म्हटलं, जाऊ दे. धाकटा भाऊ आहे, त्याला सुटायला वाट असू दे. परवाच डॉक्टरांना म्हटलं, माझं नाव प्रतीक्षा यादीत घाला, भावाला त्रास नको."

खोटं उघडं पडेल याची छोटूला इतके दिवस भीती होती. पण त्या खोट्याचा असा अर्थ निघेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. आपल्याला वाढवणारी बाई आपल्याला भित्रा समजून वर पांघरूण घालत बसली होती! त्याला रडूसुद्धा धड फुटेना.

"द्यायची आहे गं," तो कसाबसा म्हणाला. "दोन महिने म्हणालो होतो ना. तू केवढी हसलीस तेव्हा. मग तीनशे ग्रॅम कुठल्या तोंडाने सांगू?"

"तुझ्याकडे दोन महिने मागितले कुणी? मी मनात आठच धरले होते. त्या दिवशी हसले ती तुझ्या बढाईला! शाळेत असल्यापासून तुझ्या बढाया ऐकतेय मी." मग तिचा आवाज उतरला. "मशीनवर आठ महिने काढायची माझी तयारी होती रे. तुझं खोटं मात्र जड गेलं."

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी आवाज न चढवता त्याला झापलं. "उपाशी राहून उतरवलेलं वजन मला नको. आणि माझ्याशी खरं न बोलणाऱ्या माणसाच्या पोटाला मी सुरी लावत नाही." मनगट बरं होईपर्यंत सगळं थांबलं, शिवाय समुपदेशकाकडे खेपा लागल्या. त्याच्या घाईने ताईचे तीन महिने खाल्ले. हे त्याला कुणी ऐकवलं नाही. त्याला स्वतःलाच मोजता येत होतं.

त्यानंतर दर रविवारी तो ताईला खरा आकडा सांगू लागला. सोपं नव्हतं. एकदा तर "चारशे ग्रॅम वाढलं" हे तीन शब्द बोलायला त्याला अर्धा तास फोन हातात धरून बसावं लागलं.

"बरं," ताई म्हणाली. "चालायला जातोस ना? मग पुढच्या रविवारी बघू."

पुढच्या रविवारीही काटा तसाच होता. त्याच्या पुढच्या रविवारी दोनशे ग्रॅम उतरला. असं करत करत अकराव्या महिन्यात काटा एकोणनव्वदवर आला, आणि नंतर तीन आठवड्यांनी ऑपरेशन झालं. किडनी ताईच्या अंगी लागली. सहा महिन्यांत ती पुन्हा शिवायला बसली.

आता लोक छोटूचं कौतुक करतात. परवा ताईच्या घरी एक गिऱ्हाईक बाई म्हणाली, "भाऊ असावा तर असा!" ताई मान हलवून हो म्हणाली, आणि तिने ते मनापासून म्हटलं होतं. छोटूचे मात्र कान तापले. तो उठला आणि पाणी प्यायच्या निमित्ताने आत जाऊन, ती बाई जाईपर्यंत आतच थांबला.