एडिथच्या नावाचा बाक

खरं सांगू का, हे मी सांगणारच नव्हतो. बाकाचं आयुष्य कोण ऐकणार? लोक येतात, बसतात, उठून जातात. वळून कोण बघतं? दोनदा सुरुवात केली आणि दोनदा गप्प झालो. पण आता एका माणसाला निरोप द्यायची वेळ आलीय आणि मनातलं मनात ठेवून ते जमेल असं वाटत नाही. म्हणून सांगतो. थोडं मागेपुढे होईल, सांभाळून घ्या मित्रांनो.

तर मी बाक. लाकडी, तीन माणसांचा. वय पन्नाशीच्या पुढे. सध्या मुक्काम शारजा, अल नहदा, एका उंच टॉवरच्या गेटाशेजारी. पण जन्म इंग्लंडचा. मेल्डनफर्ड नावाचं गाव आहे तिकडे. नकाशावर बोट ठेवलंत तर बोटाखाली झाकून जाईल एवढंसं. एक नदी, एक पूल, एक चौक, आणि चौकात बारा दुकानं. बारा हं, मी रोज मोजायचो. दुसरं काम काय होतं?

त्याच्याही आधी मी एका जहाजाच्या डेकवरच्या फळ्या होतो. ते जहाज मोडीत निघालं. त्या दिवसांतलं मला फारसं काही आठवत नाही, फक्त मीठ आठवतं.

मला बनवून घेतलं हॅरल्ड नावाच्या माणसानं. तो गावात टपाल वाटायचा. त्याची बायको एडिथ शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. रोज दीडशे पोरांचं जेवण, तेही तीस वर्षं. संध्याकाळी घरी जाताना ती नदीकाठी थांबायची, कठड्याला टेकून पाय हलके करायची. तिथे बसायला काही नव्हतंच. ती गेली, आणि वर्षभरात हॅरल्डनं तिथे मला आणून ठेवलं.

तिकडे ही पद्धत आहे. माणूस गेलं की त्याच्या आवडत्या जागी त्याच्या नावाचा बाक ठेवतात, लोकांनी बसावं म्हणून. माझ्या पाठीवर पितळेची पाटी आहे. वर मोठ्या अक्षरांत ‘एडिथ मार्श, १९१६–१९७४’. खाली बारीक अक्षरांत, इंग्रजीतच, एक ओळ. तिचा अर्थ असा, की ही बाई जन्मभर उभी होती, तुम्ही तरी बसा.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ह्यावरूनच सगळा गोंधळ झाला.

सुरुवातीची वर्षं कसली मजेची होती! शाळा सुटली की पोरं माझ्या पाठीवर चढून नदीत खडे मारायची. बुधवारी गुरांचा बाजार. शेतकरी माझ्यावर बसून सौदे करायचे आणि बुटांचं शेण माझ्याच पायांना पुसायचे. बेकरीवाला सकाळी सहाला दार उघडायचा, त्या वासानं बदकंसुद्धा जागी व्हायची. हॅरल्ड रोज अकराला यायचा. कडेला बसायचा, उरलेली जागा मोकळी ठेवून. दर वसंतात जवसाचं तेल आणायचा आणि मला चोळायचा. तेव्हा बोलायचाही. माझ्याशी की एडिथशी, ते मी कधी विचारलं नाही.

पण उगाच गोड गोड सांगत नाही. जुनं सगळं चांगलंच होतं असं काही नाही. कोपऱ्यावरचं दुकान एका गुजराती कुटुंबानं घेतलं, तेव्हा दोन बायका माझ्यावर बसून काय काय बोलल्या ते तुम्हाला सांगायची मला लाज वाटते. पाच वर्षांनी त्याच दोघी रविवारी दूध संपलं की तिथेच धावत जायच्या.

मग गावाबाहेरून मोठा रस्ता झाला. लोक खूश झाले, चौकातली ट्रकची घरघर थांबली म्हणून. ट्रक थांबले, आणि हळूहळू माणसंही थांबली. रस्त्यापलीकडे भलंमोठं सुपरमार्केट आलं. आधी भाजीवाला गेला, मग खाटीक. बेकरीच्या जागी व्हिडिओ कॅसेटचं दुकान आलं, मग जुन्या कपड्यांचं, मग नुसतीच काच आणि आत पडलेली पत्रं. बँकेची कॉफीशॉप झाली. शाळेत मुलं उरली नाहीत, तिथे फ्लॅट निघाले. नदीकाठची घरं शहरातल्या लोकांनी सुट्टीसाठी घेतली. शुक्रवारी दिवे लागायचे, रविवारी विझायचे. मधले पाच दिवस मी आणि बदकं.

एका सोमवारी हॅरल्ड आला नाही. मंगळवारी नाही. बुधवारीही नाही. बाकाला कोण कळवणार? पुढच्या वसंतात तेल लावायला कुणी आलं नाही, तेव्हा मला कळलं.

त्यानंतर वीसेक वर्षं मी तिथेच होतो. पाटीवर हिरवट काळा थर चढला आणि खालची बारीक ओळ पार बुजली. मग गावाच्या कारभाऱ्यांनी नदीकाठ नवा करायला घेतला. लोखंडी बाक आणले, मधे मधे दांडे असलेले, कुणी आडवं होऊ नये म्हणून. जुने काढायच्या आधी त्यांनी घरच्यांना पत्र पाठवलं. पत्र हॅरल्डच्या पत्त्यावर गेलं. तिथे कोण होतं घ्यायला?

मी लिलावात गेलो. तिथून कंटेनर, आणि कंटेनरचं दार उघडलं ते थेट दुबईच्या जबल अली बंदरात. बाप रे, ते ऊन! माझा एकेक सांधा कडकड बोलला.

दुबईतल्या एका मॉलमध्ये इंग्लिश पद्धतीचं चहाचं हॉटेल निघालं होतं, तिथे मला दाराशी ठेवलं. खोटी वेल, खोटा दिवा, आणि मी खरा. माझ्यासमोर दोरी लावून बोर्ड अडकवला, ‘कृपया बसू नये’. लोक माझ्या शेजारी उभे राहून फोटो काढायचे. तीन वर्षांत एकही माणूस बसला नाही. मग हॉटेल बंद पडलं आणि आतलं सगळं सामान एकगठ्ठा रास अल खोरला खैरुद्दीनभाईंच्या वर्कशॉपमध्ये आलं.

खैरुद्दीनभाई दाभोळचे. तीस वर्षं इकडे सुतारकाम करतायत. त्यांनी माझ्या पायावर नख मारलं, वास घेतला आणि ओरडले, “रिझवान! अरे साग आहे, साग! आपल्या कोकणातला!”

कोकणातला की कुठला, मला काय माहीत. पण कुणीतरी आपलं म्हटलं, बरं वाटलं.

रिझवान म्हणजे त्यांचा मामेभाऊ, पॉलिशचं काम बघणारा. चाळिशीचा, बोलका माणूस. त्यानं पाटीवर फडकं मारलं, वरचं नाव वाचलं, दोन सालं वाचली, आणि हात असा मागे घेतला जसा काही चटका बसला.

“भाईजान, ह्याच्यावर मयताचं नाव आहे. जन्म कधी, गुजरली कधी, सगळं लिहिलंय. हे कबरीवरचं दिसतंय.”

“या अल्ला! बाईमाणूस आहे काय?”

“हो ना. कुणीतरी चोरून विकलंन हे.”

“मग खलास. ह्याला हात लावू नका. कुणी बसू नका रे ह्याच्यावर! अदब राखा.”

झालं! मला कोपऱ्यात नेऊन ठेवलं, वर स्वच्छ चादर घातली. जुम्मेरातीला, म्हणजे दर गुरुवारी, रिझवान उदबत्ती लावायचा. माणसं दिवसभर रंधा मारून थकायची, जेवायला सिमेंटच्या गोणीवर बसायची, पण माझ्यावर नाही. माझ्यासमोरून जाताना आवाज खाली करायची. इतका मान मला जन्मात मिळाला नव्हता, मित्रांनो. आणि इतका एकटाही मी कधी नव्हतो. चौदा महिने मी मनातल्या मनात ओरडत होतो, ‘अरे बसा! ती बसाच म्हणतेय!’

मग एका शनिवारी अनुपमा नावाची बाई आली. बरोबर सासरे, सूर्यकांतराव, आणि नऊ वर्षांची मुलगी ओवी. सूर्यकांतरावांची बायको मागच्या वर्षी गेली, म्हणून मुलानं, शार्दूलनं, त्यांना पुण्याहून इकडे आणलेलं. दिवसभर फ्लॅटमध्ये एकटे. त्यांचं एकच काम, चारला खाली जाऊन ओवीच्या स्कूलबसची वाट बघणं. तेही उभ्यानं, कारण गेटापाशी खुर्ची एकच आणि ती वॉचमनची.

अनुपमानं चादर उचलली. “बाबा, हा बघा! परफेक्ट आहे.”

“मॅडम, तो द्यायचा नाही,” खैरुद्दीनभाई म्हणाले. “मयताचा आहे.”

त्यांनी पाटी दाखवली. अनुपमा दोन पावलं मागे सरकली. पण तिचा जीव जडला होता माझ्यावर. म्हणाली, “मग पाटी काढून टाका ना. चारच तर स्क्रू आहेत.”

“नाव काढून विकू? ते पाप मी नाही घ्यायचा.”

“तुम्ही नका काढू. स्क्रूड्रायव्हर द्या, मी काढते. बिल्डिंगमधले लोक काय म्हणतील, रोज मेलेल्या माणसाच्या नावावर बसायचं?”

माझं काय झालं असेल विचार करा. गाव गेलं, नदी गेली, हॅरल्ड गेला. एडिथचं म्हणून जगात उरलं होतं ते चार स्क्रूंवर. ती पाटी निघाली की मी नुसतं लाकूड. रिझवाननं नाइलाजानं स्क्रूड्रायव्हर दिला. अनुपमानं पहिल्या स्क्रूवर टोक टेकवलं. एक आटा फिरलासुद्धा.

“ममा, वेट! खाली पण काहीतरी लिहिलंय.” ओवीनं वेट वाइप काढला आणि घासघास घासला. मग वाचलं, “शी वॉज ऑन हर फीट ऑल हर लाइफ. प्लीज सिट डाउन. ममा, इट्स नॉट अ ग्रेव्ह! शी वॉन्ट्स अस टु सिट!”

सूर्यकांतरावांनी चष्मा कपाळावर ढकलून स्वतः वाचलं. मग सगळ्यांना मराठीत सांगितलं.

खैरुद्दीनभाईंनी डोक्याला हात लावला. “म्हणजे बीबी बसा म्हणत होती, आणि आपण चौदा महिने गोणीवर?”

“आणि मी उदबत्त्या लावल्या!” रिझवान म्हणाला.

“त्या काही वाया नाही जात रे. पण हे तर दान झालं. आमच्याकडे मशिदीबाहेर पाण्याचा रांजण ठेवतात ना गेलेल्याच्या नावानं, तसं. कुणी पाणी प्यायलं की त्याचं पुण्य गेलेल्याला पोचतं.”

अनुपमाचा हात अजून स्क्रूवरच होता. “तरीपण बाबा… गेलेल्या माणसाचं नाव…”

सूर्यकांतराव शांतपणे म्हणाले, “अनुपमा, माझ्या खोलीत तुझ्या सासूचा फोटो आहे. तो आपण उतरवतो का?”

अनुपमानं स्क्रू उलटा फिरवून घट्ट केला. नीट, पुसून वगैरे.

आणि सूर्यकांतराव बसले. हॅरल्डसारखे कडेला नाही हं. थेट मध्यावर, दोन्ही हात पसरून. “काय हो एडिथबाई,” म्हणाले, “चालेल ना?”

काय सांगू! चार-साडेचार वर्षांनी माझ्यावर माणसाचं वजन आलं.

तेव्हापासून मी इथे, त्यांच्या टॉवरच्या गेटाशी आहे. समोर नदी नाही, गाड्याच गाड्या. पण माणसं काय येतात! डिलिव्हरीवाला हेल्मेट काढून दोन मिनिटं टेकतो. वॉचमन स्वतःची खुर्ची सोडून माझ्याकडे येतो. आणि पावणेचारला सूर्यकांतराव. ते पाटबंधारे खात्यात होते, जन्म नद्या मोजण्यात गेला. पाटीवर बोट आपटत मला विचारतात, “काय रे, तुझ्या नदीला पूर यायचा का? पुलाला कमानी किती?” मला उत्तर देता येत नाही. तीन, सूर्यकांतराव. तीन कमानी होत्या.

परवा ते म्हणाले, “व्हिसा संपतोय. ह्या वेळी रिन्यू नाही करत. पुण्याला धाकटी बहीण एकटी आहे, तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायचंय. शार्दूलला सांगितलं, अनुपमाला सांगितलं. ओवीला सांगायचं धाडस होत नाहीये. रोज उतरल्या उतरल्या मला शोधते रे ती.”

मित्रांनो, कुठे नाव लिहिलेला बाक दिसला तर पुढे जाऊ नका. टेका जरा. कुणीतरी तुमच्यासाठी जागा धरून ठेवलेली असते. आम्हाला तेल-पॉलिश मिळालं तर उत्तमच, पण रिकामं ठेवू नका. एवढंच मागणं.

आणि सूर्यकांतराव, तुम्ही मला ह्या वयात मित्र मिळालात. मला बोलता येत नाही, तरी हा माझा शब्द घ्या. तुम्ही जाल त्या दिवशीही चारला बस येईल. ओवी उतरेल, इकडे तिकडे बघेल, तुम्ही दिसणार नाही. तिला रडू येईल. तेव्हा मी इथेच असेन. तिचं दप्तर मी घेईन, आणि तिचं रडू थांबेपर्यंत तिला बसवून ठेवीन.