मोठ्या कोळंबीचा चमत्कार

हिंजवडीच्या ओढ्याकाठी नुसती जत्रा लोटली होती. काचेच्या पेटीत करडा गाळ, वर पाणी आणि त्यात ऐटीत फिरणाऱ्या कोळंब्या.

"पाहा!" बिल्डरने आणलेले मच्छिंद्रबाबा गरजले. "आयटी टॉवरसाठी भोकं पाडताना निघालेला हाच तो 'विषारी' गाळ. काल अंगारा टाकला, आज जीव नांदतोय! निगेटिव्ह एनर्जी खल्लास!"

लोकांनी हात जोडले. सोजरबाईंनी तर नातीसाठी ओढ्यातच बाटली बुडवली.

"आजी, आज विहिरीचंच पाजा," भाग्यश्रीबाई म्हणाल्या.

"अवं बाई, डोळ्यांदेखत जित्या हायेत की!"

भाग्यश्रीबाई सदाशिव पेठेतल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. बिल्डरने हा गाळ ओढ्यात सोडल्याच्या गावाच्याच तक्रारीवरून त्या तो तपासत होत्या आणि आता गावच तक्रार मागे घ्यायला निघालं होतं. असले बाबा पाहून पाहून त्यांना रागही येईनासा झाला होता. घरी जावं, झालं, असं वाटलं. पण ती बाटली दिसत होती.

"बाबा, सगळ्या बोटाएवढ्याच कशा? पिल्लं कुठायत?"

"श्रद्धा मोजपट्टीने मोजत नाहीत, ताई."

"कोळंबी मोजतात."

लोक हसले. बाईंनी तिथेच एका रात्रीची परीक्षा सुचवली आणि बाबांना माघार घेता येईना.

चावडीत तीन पेट्या मांडल्या. पहिलीत गाळ, बाबांनी स्वहस्ते टाकलेला अंगारा आणि कोळंबीची पिल्लं. दुसरीत तोच गाळ आणि मोठ्या कोळंब्या, अंगारा नाही. तिसरीत स्वच्छ वाळू, लहानमोठ्या दोन्ही. पाणी सगळीकडे विहिरीचं. कुलूप लावून किल्ली सोजरबाईंकडे दिली.

सकाळी दार उघडलं. अंगाऱ्याच्या पेटीत पिल्लं उताणी पडली होती. बिनअंगाऱ्याच्या मोठ्या कोळंब्या खुशाल फिरत होत्या. वाळूतली लहानमोठी सगळी जिवंत.

"पिल्लांची श्रद्धा कमी पडली," बाबा पुटपुटले.

"माझी नात बी पिल्लूच हाय, बाबा," सोजरबाई म्हणाल्या.

त्यांनी काल भरलेली बाटली ओतून टाकली.

भाग्यश्रीबाईंनी शांतपणे सांगितलं, "लहान जिवाचं कवच पातळ, त्याला विष लवकर बाधतं. मोठा जीव जास्त तग धरतो. बाबा मोठ्या कोळंब्या निवडायचे आणि त्या मरायच्या आत पेटी उचलायचे. एवढीच सिद्धी."

तक्रार मागे घेतली गेली नाही. तरी जाताना दोघातिघांनी बाबांकडून अंगाऱ्याची पुडी घेतलीच. बाईंनी ते पाहिलं, पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा एकदा, जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "देव मानायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण चमत्कार दाखवला की एवढं तरी विचारा हो, अंगारा टाकलाच नसता तर काय झालं असतं?"