मौनाच्या पंगतीतले ताट

मित्रांनो, १९९४ साली रघुपतीरावांना म्हैसूरहून त्यांच्या बहिणीचे, चंद्राबाईंचे पत्र आले. 'नातवाची मुंज आहे. तुझ्या नातीलाही आण. पंगतीत माझ्याशेजारी बसव.' रघुपतीरावांनी ते पोथीत ठेवले आणि उत्तर दिलेच नाही.

मी एक जुने, तीन खणांचे स्टीलचे ताट आहे. शिवाजीनगरच्या कारखान्यात घडले आणि येलहंक्याला रघुपतीरावांच्या घरी, त्यांच्या नातीसाठी, संहितेसाठी आले. संहिता सात वर्षांची. तिला ऑटिझम होता. ती बोलत नसे. सार भाताला लागले की कान झाकून किंचाळे, म्हणून माझे खण. खिडकीकडे तोंड करून ती एकटीच जेवे. मागे एका लग्नात, पंगतीच्या गोंगाटात ती ओरडली, तेव्हा कोणीतरी म्हणाले होते, "असल्या पोरीला घरी ठेवायचं की!" ते रघुपतीरावांच्या मनातून जात नव्हते.

ते स्वतः चाळीस वर्षे मौनाने जेवत आले होते. तळहात पानावर आडवा धरला की पुरे, चिमूट दाखवली की स्वल्प, म्हणजे थोडेसेच. सून हेमावती मात्र लेकीला रोज विनवी, "भात म्हण गं, एकदा म्हण!"

एके दुपारी हेमावती भात वाढत असताना संहितेने माझ्यावर तळहात आडवा धरला.

"मामा, तुमची नक्कल!" हेमावती सासऱ्यांना हसून म्हणाली. "एक मौनी पुरे नव्हता घरात!"

पण तिचा हात थांबला. संहितेचे 'पुरे' तोवर कोणी ऐकलेच नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून रघुपतीराव माझ्याशेजारी बसू लागले. मग सगळ्यांनीच मौन धरले. जो बोलेल, त्याने उठून वाढायचे. "अय्यो, मीठ विसरले!" म्हणून हेमावती रोज हरे, आणि संहिता खुदकन हसे.

एकदा तिने आजोबांना चिमूट दाखवली आणि माझ्यातला चिमूटभर भात त्यांच्या पानात ठेवला.

"वाढ, बाळ, वाढ!" चाळीस वर्षांचे मौन मोडले.

"उठा मामा, आता तुम्ही वाढा!" हेमावती डोळे पुसत म्हणाली.

मित्रांनो, माझ्या कडा आता चेपल्या आहेत. मला नीट सांगता आले की नाही, कोण जाणे. पण त्या घराने मला फार दिले. तुमच्याशेजारचे मूल बोलत नसेल, तर त्याच्या हाताकडे बघा. त्याने पुरे म्हटले की थांबा.

आजोबांचे मौन मोडले, त्याच संध्याकाळी रघुपतीरावांनी बहिणीला कार्ड लिहिले: 'चंद्रा, उशीर झाला, क्षमा कर. आम्ही सगळे येतो. वाढप्यांना सांग, संहितेच्या हाताकडे बघून वाढा.' मग नातीचा हात धरून ते नाक्यावर गेले आणि कार्ड टपालपेटीत टाकले.