झाडलेले खडे

अधिकाऱ्याने थडग्यावरून तळहात फिरवला आणि उलटा करून पाहिला. धूळसुद्धा नव्हती.

"खडे कुठायत, बाई?"

दफनभूमीची देखभाल बघणारी म्हातारी तिसऱ्या रांगेपर्यंत गेली, चौथीपर्यंत गेली. ज्यूंच्या या दफनभूमीत शेवटचं माणूस पुरलं त्याला चाळीस वर्षं झाली होती. अक्षरं झिजली होती, मागची भिंत ढासळली होती, घरंच्या घरं परदेशी निघून गेली होती. तरी कोणी ना कोणी यायचं. त्यांच्यात फुलं वाहत नाहीत; थडग्यावर खडा ठेवतात, की आलं होतं कोणीतरी. अधिकाऱ्याला तेवढीच खूण हवी होती. नाहीतर जागा बेवारस ठरून वाहनतळासाठी जाणार होती.

ती राखणदाराकडे वळली.

"झाडलेस?"

"केर दिसला की झाडतो. त्याचाच पगार देता ना?"

केर! खड्यांना हात लावायचा नाही, हे बापाने त्याला लहानपणीच बजावलं होतं. पण त्याची बायको वारली त्या दिवशी ही म्हातारी फाटकात आडवी उभी राहिली होती. तुझी माणसं मागच्या बाजूने ने, इथे गर्दी नको, म्हणाली होती. तेव्हापासून सहा वर्षं, पाहुण्यांची पाठ वळली रे वळली की याचा खराटा सुरू. त्यात त्याला सुख होतं, खोटं कशाला बोला.

"मग बेवारस लिहितो," अधिकारी म्हणाला.

फाटकाजवळची आपली खोलीही त्यात जाणार, हे राखणदाराच्या आत्ता ध्यानात आलं.

"साहेब, खडे होते. मीच काढले. जाणूनबुजून."

"लिहून देशील?"

"लिही," म्हातारी म्हणाली. "आणि आजच खोली रिकामी कर. तुझं तोंड बघायचं नाही मला."

म्हणजे बोलला तरी खोली जाणार, गप्प बसला तरी जाणार. गप्प बसला तर निदान हिच्याही हाती काही लागणार नव्हतं. त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग खराटा टाकला, पायरीवर बसला आणि अधिकाऱ्याचा कागद मांडीवर घेतला.

"कोपऱ्यातल्या मास्तरांवर गेल्या महिन्यात तीन," तो पुटपुटत लिहू लागला. "दोघी बहिणींवर एकेक. बाईंच्या तान्ह्या भावावर दरवर्षी एक, पांढरा."

कागद भरला. त्याने मान वर केली.

"आणखी द्या. अजून पाच रांगा आहेत."

म्हातारीने पिशवीतून वही काढली, एक पान फाडलं आणि त्याच्याकडे न बघता पुढे केलं.