अबोल्याची खूण

△ म्हणजे पुरुष. ○ म्हणजे स्त्री. = म्हणजे लग्न. आडवी रेघ म्हणजे भावंडं, त्यात थोरलं डावीकडे, धाकटं उजवीकडे. खुणेवर तिरकी काट म्हणजे ते माणूस आता नाही.

एवढ्यात जगातलं कुठलंही कुटुंब मावतं, असं फादर म्हणाले. फादर आम्हाला मानववंशशास्त्र शिकवतात. विद्यापीठ कॅथलिक, त्यामुळे वर्गात फादर, वसतिगृहात सिस्टर, ग्रंथालयात ब्रदर, आणि यातलं कोणीच कोणाचं कोणी नाही. घरापासून इतक्या लांब आले आणि पहिल्याच आठवड्यात नातेवाइकांनी वेढली गेले.

काम असं होतं: स्वतःच्या कुटुंबाचा तक्ता, तीन पिढ्यांचा. प्रत्येक नात्याला दोन माहितगार हवेत, तेही एकमेकांपासून स्वतंत्र. मंगळवारी सकाळी दहाला फादरांच्या खोलीत तोंडी परीक्षा. तक्ता नापास म्हणजे विषय नापास, विषय नापास म्हणजे अख्खं वर्ष पुन्हा.

△ △ △ △ △

पहिल्या खेपेला एकशे बारा माणसं भरली. फादरांनी शिंपीकाकांवर बोट ठेवलं. वडिलांचे भाऊ का? नाही, कपडे शिवतात. मग काका कसे? मी म्हणाले, लहानपणापासून. ही मावशी? समोर राहते. ही ताई? पोस्टात असते.

लाल पेनानं तासाभरात एक्क्याऐंशी माणसं गेली. आमच्या गोतावळ्यावर असा दिवस कधी आला नव्हता.

मग तुम्हाला सगळे फादर का म्हणतात, असं मी हळूच विचारलं. ती वेगळी बाब आहे, असं म्हणून त्यांनी पुढच्या विद्यार्थ्याला आत बोलावलं.

○ ○

उरले एकतीस. बाबांच्या बाजूला माहितगारांची ददात नव्हती. एकाला प्रश्न विचारला की सात जण उत्तर देतात आणि आठवा ते खोडून काढतो. आईच्या बाजूला सख्ख्या मात्र दोनच जणी हयात. आई आणि मावशी. आणि त्यांचा नऊ वर्षं अबोला.

कारण सांगते. एका लांबच्या मामाच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिकेत छापायची नावं मामानं मावशीला फोनवर विचारली. मावशीनं आधी स्वतःचं सांगितलं, मग नवऱ्याचं, मग आईचं. आई थोरली. ती पत्रिका अजून आमच्या कपाटात आहे, आणि आई ती पुरावा म्हणून काढते.

अबोल्यात माणसं बोलत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो जवळून पाहिलेला नाही. उलट जास्त बोलावं लागतं, फक्त तिसऱ्याकरवी. आमच्याकडे ती तिसरी मी, वयाच्या पंधराव्या वर्षापासून. दोघी एकाच खोलीत असल्या तरी आई मला म्हणायची, तिला विचार चहा घेणार का. मावशी म्हणायची, सांग तिला, अर्धा कप. परदेशी शिकायला येण्यात ज्ञानाची ओढ किती आणि ही नोकरी सोडण्याची किती, हे मी अर्जात लिहिलं नव्हतं.

○ ? ○

आईला फोन केला. थोरली कोण? मी, आई म्हणाली, दोन वर्षांनी, आणि हे विचारायला तू तिकडे गेलीस का.

मावशीला फोन केला. थोरली कोण?

"मीच," मावशी म्हणाली. "शाळेच्या दाखल्यावर बघ. नसेल पटत तर तुझ्या आईला म्हणावं, स्वतः सांग येऊन."

दाखल्यावरच्या तारखा तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी अंदाजानं घातल्या होत्या. त्याप्रमाणे मावशी आईपेक्षा चार महिन्यांनी मोठी आहे, जे कुठल्याच शास्त्रात बसत नाही. पण मावशी हटेना. आईला हे कळलं तेव्हा तिच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की तिनं माझाच फोन ठेवला.

मंगळवार, दहा

फादरांच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर क्रूस, खिडकीत वाळत घातलेली छत्री. त्यांनी तक्ता उलगडला आणि नेमकं तिथेच बोट टेकवलं. दोन माहितगार, दोन उत्तरं. हा तक्ता मला घेता येणार नाही, ते म्हणाले.

मी लॅपटॉप उघडला. मी म्हणाले, आत्ता विचारते. घरी दुपार होती, दोघींना एकाच कॉलवर घेतलं. लॅपटॉपच्या पडद्यावर एका चौकटीत आई, दुसऱ्या चौकटीत मावशी, तिसऱ्या चौकटीत मी आणि फादरांचा अर्धा चष्मा.

"विचार तिला," आईनं सुरुवातच केली, "शाळेत पहिल्या दिवशी हाताला धरून कोणी नेलं होतं?"

"सांग तुझ्या आईला, नेलं, आणि परत आणायला विसरली."

"तिला म्हणावं, विसरले नव्हते. ही वर्गात घोरत पडली होती."

काय म्हणतायत, असं फादरांनी विचारलं. मी म्हणाले, त्या एकमेकींशी बोलत नाहीत. फादरांनी पडद्याकडे पाहिलं. दोघी एकाच वेळी तावातावानं बोलत होत्या. किती दिवस, त्यांनी विचारलं. नऊ वर्षं.

याला आपल्याकडे खूण नाही, फादर गंभीरपणे म्हणाले. तुम्ही काढा.

मी पेन्सिल घेतली. दोघींमधली आडवी रेघ मधोमध पुसून फट ठेवली आणि फटीवर एक बारीक ○ काढलं. ते मी.

"अगं विचार ना तिला," आई म्हणाली.

त्या बारीक ○ कडे बघत मी गप्प राहिले. संशोधकानं मध्ये पडू नये, हे फादरांनीच पहिल्या तासाला सांगितलं होतं. मी हललेही नाही. पापणीसुद्धा लवू दिली नाही. फादरांना काय वाटलं कोण जाणे, तेही तसेच थिजले.

दोन्ही चौकटींत दोघी पडद्याजवळ वाकल्या.

"हिचं चित्र अडकलं वाटतं," आई म्हणाली. मग जरा थांबून, "तुझ्याकडेपण अडकलंय का गं?"

"अडकलंय. तोंड उघडंच राहिलंय."

"लहानपणापासून तशीच आहे. आणि तो शेजारचा कोण?"

"मास्तर असेल. वाळलाय बिचारा."

माझ्या नाकाला खाज सुटली. ती मी शास्त्रासाठी सोसली.

"तू पण वाळलीस," आई म्हणाली. "गुडघा कसा आहे?"

"आहे तसाच." मावशीनं चष्मा काढून पदरानं पुसला. "मोठी तूच. दाखला कोण बघत बसलंय? म्हटलं, बघू, निदान भांडायला तरी येते का."

आईनं मागच्या कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "पत्रिका फाडून टाकते."

"नको. त्यात माझं नाव पहिलं आहे."

दोघी हसायला लागल्या. हसून झाल्यावर आई म्हणाली, हिचा फोन ठेवू या का, आपण साधा फोन करू. मावशी म्हणाली, ठेव, ही काही उठत नाही. दोन्ही चौकटी काळ्या झाल्या.

फादरांनी श्वास सोडला. दोघींचं उत्तर आता एकच, थोरली आई, मी म्हणाले. त्यांनी खोडरबर माझ्यापुढे सरकवलं. बारीक ○ मी पुसलं. पेनानं रेघ जोडली. आई डावीकडे, मावशी उजवीकडे.

त्यांनी तक्त्यावर उत्तीर्ण असं लिहिलं आणि खाली लाल पेनानं शेरा मारला: दोन गुण कमी, माहितगार आता एकमेकींपासून स्वतंत्र राहिलेल्या नाहीत.