श्रीयुत चिकटपट्टे आणि चौथी चौकट

चिडलेला माणूस काढायचा तर आधी आपल्याला चिडावं लागतं. निदान या घरातल्या व्यंगचित्रकार बाईंना तरी लागायचंच! पेन्सिल कागदावर टेकली की भुवया वर, नाक फेंदारलेलं, ओठ एका बाजूला. स्वतःला कळायचंही नाही. एकदा पार्सल घेऊन आलेल्या माणसाने उघड्या दारातून तो अवतार पाहिला आणि बिचारा दोन पायऱ्या खाली उतरला. लेकीने सही करता करता सांगितलं, "घाबरू नका हो, आई काम करतेय."

काम म्हणजे श्रीयुत चिकटपट्टे. दर रविवारी, पेपराच्या शेवटच्या पानावर, चार चौकटींत. पहिल्या चौकटीत घरातलं काहीतरी बिघडतं. दुसरीत चिकटपट्टे छाती काढून म्हणतात, "नवीन कशाला? मी आहे ना!" तिसरीत ते दुरुस्ती करतात, आणि चौथीत धडाम! सहा वर्षं हेच चाललं होतं आणि लोक सहा वर्षं हसत होते.

आता बटाट्यासारखं नाक, वर ओढलेली पँट आणि "मी आहे ना!" हे सगळं बाईंनी आकाशातून आणलं नव्हतं. दोन गल्ल्या सोडून त्यांच्या थोरल्या भावाचं दुरुस्तीचं दुकान होतं. मिक्सर, इस्त्र्या, पंखे. दादाला पाहिलेल्या कुठल्याही माणसाने चिकटपट्ट्यांना डोळे मिटून ओळखलं असतं. दादाने स्वतःही पहिल्याच रविवारी ओळखलं होतं आणि ते चित्र कापून मोठ्या कौतुकाने दुकानात लावलं होतं.

म्हणूनच बुधवारी दुपारी दादा आला आणि बसलाच नाही, तेव्हा बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"छोटे, एक विचारू?" तो दारातच उभा राहून म्हणाला. "गिऱ्हाईकं इस्त्री हातात घेतात आणि विचारतात, भाऊ, घरी नेल्यावर धडाम नाही ना होणार? ते हसतात, मीही हसतो. पण काल एक बाई हसली नाही. मिक्सर पिशवीत घातला आणि दुरुस्त न करताच परत घेऊन गेली."

"अरे दादा... मग बंदच करते मी ते."

"बंद कर म्हटलं का मी? मला एवढंच सांग, माझ्या हातची एक तरी वस्तू अशी फुटलीये?"

बाईंनी घरभर नजर फिरवली. डोक्यावरचा पंखा दादाने दुरुस्त केलेला. इस्त्री त्याचीच. दारावरची घंटा त्याचीच. सगळं आपलं गुमान चालू होतं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"मग झालं तर," म्हणून दादा गेला.

रविवारचं चित्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. बाईंनी ठरवलं, या वेळी मिक्सर चालू होणार म्हणजे होणार! त्यांनी पेन्सिलीने भराभर चार चौकटी पाडल्या. बिघडला, मी आहे ना, दुरुस्ती, आणि मिक्सर चालला. चिकटपट्टे हसतायत. बाईही काढता काढता छान हसत होत्या. मग लेकीला कागद दाखवला.

लेकीने डोकं तिरकं करून पाहिलं. "आई, रागावू नकोस हं. पण मिक्सरच्या खोक्यात एक पत्रक येतं ना, कसा वापरायचा ते सांगणारं? तसं वाटतंय."

"हसू नाही येत?"

"सुरक्षित वाटतं."

एवढं लागट तर संपादकही बोलले नव्हते! संध्याकाळपर्यंत अकरा कागद झाले. चिकटपट्टे नाचले, उडले, एका कागदावर तर त्यांना पदकसुद्धा मिळालं. सगळे कागद टोपलीत. धडाम वगळलं की चौथी चौकट कशी हवा गेलेल्या फुग्यासारखी बसायची.

सकाळी बाईंनी चित्रवही उचलली आणि दुकान गाठलं. जाताना रस्त्यात त्यांच्या लक्षात आलं, की सहा वर्षं आपण दादाला नुसतं आठवणीतून काढतोय. तो काम करताना समोर बसून एकदाही पाहिलेलं नाही. चेहरा इतका पाठ, की पाहायची गरजच वाटली नाही!

"आता काय आणखी?" दादा म्हणाला, पण स्टूल पुढे सरकवलं.

बाई कोपऱ्यात चित्रवही उघडून बसल्या. दादाची बोटं जाडजूड, पण स्क्रू असा अलगद उचलायची, की जणू झोपलेल्या बाळाचं टोपडं काढतायत. आणि एक गोष्ट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. काम झालं की दादा बटण स्वतः दाबत नसे. गिऱ्हाइकाला म्हणायचा, "लावा, तुम्हीच लावा."

एका शाळेतल्या शिक्षिका मिक्सर घ्यायला आल्या होत्या. त्यांनी पर्स छातीशी धरली, मान फिरवली, एक डोळा मिटला, एक पाय दुकानाबाहेर ठेवला आणि लांबूनच बोटाने बटण दाबलं. मिक्सर मस्त घुर्रर्र करून चालला. तरी त्यांचा डोळा उघडेना!

बाईंची पेन्सिल कागदावर भराभर धावू लागली. चेहरा आपोआप तसाच झाला, एक डोळा मिटलेला. गंमत इथे होती! दुरुस्तीत नव्हतीच, ती विश्वास न ठेवणाऱ्याच्या तोंडावर होती. आणि ते तोंड त्यांना जरा जास्तच ओळखीचं वाटलं.

घरी येऊन त्यांनी आरसा टेबलावर ठेवला. सहा वर्षांत चिकटपट्ट्यांच्या बायकोला चेहराच नव्हता. चौकटीच्या कडेला नुसता पाठमोरा अंबाडा. आज तिला नाक मिळालं, डोळे मिळाले, टोकदार हनुवटी मिळाली. तिसऱ्या चौकटीत अख्खं कुटुंब टेबलाखाली, बायकोच्या डोक्यावर पातेलं. चौथीत मिक्सर चाललेला, चिकटपट्टे शांतपणे रसाचा पेला पुढे करतायत. बायको टेबलाखालून डोकं काढतेय, आणि तिच्या मागे नव्याकोऱ्या मिक्सरचं खोकं. "हे होय?" ती म्हणतेय, "हे... शेजारच्यांनी ठेवायला दिलंय."

लेक इतकी हसली, की तिला उचकी लागली.

पण शाई लावायच्या आधी बाई कागद घेऊन पुन्हा दुकानात गेल्या. पेन्सिलीतलं चित्र त्या कधी कुणाला देत नसत. आज दिलं. दादाने चष्मा लावला. पहिली चौकट, दुसरी, तिसरी. चौथीवर तो थांबला तो थांबलाच. हसला नाही.

"ही तू आहेस."

"हो."

"खोकं खरंच आणलं होतंस?"

"मिक्सरचं नाही. टेबलावरच्या दिव्याचं. तू दुरुस्त करून दिलास त्याच्या आदल्याच दिवशी. कपाटात आहे अजून."

"दिव्याला चार वर्षं झाली, छोटे."

"हो ना. लागलंच नाही."

दादाच्या नाकातून आधी एक हवेचा फुसकारा आला, मग खांदे हलले, मग तो टेबलाला धरून हसला. डोळे पुसत त्याने पुन्हा कागद जवळ घेतला आणि एकदम गंभीर झाला.

"हे काय? पक्कड अशी धरतात? अशी धरून काम केलं असतं, तर सहा वर्षांत याला दहा बोटं उरली नसती!"

"मग कशी?"

त्याने पक्कड उचलली, कोपर टेबलावर टेकलं आणि हात उजेडात धरला. "अशी. काढ."

बाईंनी खोडरबर घेतलं. तेवढ्यात दारात एक गिऱ्हाईक इस्त्री घेऊन उभं राहिलं.

"जरा थांबा हं," दादा हात न हलवता म्हणाला, "हात कामात आहे."