कॉइल बदलायची वेळ

त्या शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर बाबा बाल्कनीच्या दाराशी खुर्ची टाकून व्हेप ओढत बसले होते आणि मला जळक्या कापसाचा वास आला.

"बाबा, कॉइल गेलीय तुमची."

"कुठे? मस्त चाललीय."

"घशाला लागत नाहीये? केवढा करपट वास येतोय."

"परवाच धुतलीय मी. गरम पाण्यात बुडवली, एसीच्या जाळीवर ठेवून वाळवली. फर्स्ट क्लास."

बाबांचा सगळा जन्म एअर कंडिशनिंगमध्ये गेला होता. एसीची कॉइल मळली की धुतात, ती नव्यासारखी होते, मग व्हेपची का होऊ नये, असा त्यांचा सरळ हिशेब. सिगारेट सुटावी म्हणून व्हेप मीच त्यांना आणून दिला होता, त्यामुळे हे भांडणही माझ्याच वाट्याला यायचं. मी तो हातात घेतला. टाकीतलं वेलचीच्या स्वादाचं पाणी चहासारखं काळपट झालं होतं. ओढताना गुरगुर व्हायची आणि धूर जेमतेम यायचा.

"हिच्यात आत कापूस असतो, बाबा. तो एकदा जळला की धुऊन काय उपयोग? करपलेलं दूध धुऊन पांढरं होतं का?"

"व्वा. इंजिनियर मी आणि लेक्चर हिचं."

आई आतून म्हणाली, "अस्मिता, यांना सांग, घरभर वास सुटलाय."

"बाबा, आई म्हणतेय, घरभर वास सुटलाय."

"तिला सांग, बदलतो."

"आई, बदलतायत."

आई आणि बाबा यांच्यात जेमतेम सहा पावलांचं अंतर होतं. पण आमच्या घरात वाक्य माझ्याकडून गेल्याशिवाय पोचलं असं धरत नसत.

हे सुरू झालं २००९ मध्ये. दुबईतली बांधकामं थांबली आणि अबुधाबीबाहेरच्या मुसफ्फातल्या ज्या कारखान्यात बाबा एसीचे डक्ट बनवून घ्यायचे, तो बंद पडला. बाबांनी घरी सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, कारखान्याच्या बंद गेटासमोर गाडी लावून बसायचे आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत यायचे. आईला ते भिशीत कळलं. कुणीतरी सहानुभूतीने विचारलं, "मुरलीधरभाऊंचं झालं का काही?" आणि सगळ्या बायका गप्प झाल्या. आईखेरीज सगळ्यांना माहीत होतं. त्या संध्याकाळी तिने रिकामा डबा घासून ठेवला आणि मला म्हणाली, "तुझ्या बाबांना विचार, उद्या डबा करायचा आहे का?" मी तेव्हा बारावीत होते.

मग बाबांना दुबईच्याही पलीकडे, उम्म अल कुवैनमध्ये मेन्टेनन्सची छोटी नोकरी मिळाली, आम्ही अबुधाबी सोडली, मी शिकले, पुन्हा अबुधाबीत नोकरीला लागले. निरोप चालूच राहिले. आठवडाभराचे साठायचे आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी ते वाटायचे. मैत्रिणी सुट्टीला जॉर्जियाला जात, मी उम्म अल कुवैनला जायचे. मी नसेन तर या दोन माणसांचं काय होईल, हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही, कारण उत्तर मला पाठ होतं. त्या शुक्रवारच्या काही महिने आधी, मार्चमध्ये, रॉटरडॅमच्या एका कंपनीने मला बोलावलं होतं. मी नकार कळवला. घरी त्यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोघांनीही 'जा' म्हटलं असतं, माझ्यामार्फत.

निघताना मी बाबांना म्हटलं, "नवी कॉइल पुढच्या शुक्रवारी आणते. तोपर्यंत ही ओढू नका."

"यल्ला, नीघ. ट्रॅफिक लागेल."

रविवारी सकाळी मी कामावर पोचतच होते, तेव्हा आईचा फोन आला. बाबा दाढी करताना बेसिनपाशी कोसळले होते. अँब्युलन्स आली तेव्हा सगळं संपलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीपाशी उभी होते आणि मला गाडीचं दार उघडता येईना. किल्ली हातात होती, ती कशासाठी असते तेच सुचत नव्हतं.

बाबांचे दिवस झाले. पुण्याहून आलेला काका परत गेला. घरात आई आणि मी उरलो. दुपारी मी बाल्कनीच्या दाराशी, बाबांच्या खुर्चीत बसले. व्हेप खिडकीच्या कठड्यावर तसाच होता. मी कधी ओढला नव्हता. त्या दिवशी तोंडाला लावला, तो त्या करपट वासासाठी. बाबांचं शेवटचं काहीतरी तेवढंच राहिलं असेल, असं वाटलं.

वेलचीचा स्वच्छ, गोडसर धूर आला.

मी पुन्हा ओढून पाहिलं. जळका वास कुठेच नव्हता. टाकीतलं पाणीही नितळ होतं. घरात नवी कॉइल नव्हती हे मला माहीत होतं, आणि बाबा विकत आणून बदलतील हे मला पटणारं नव्हतं.

"आई, बाबांनी कॉइल बदलली होती?"

आई भाजी निवडत होती. "मी बदलली. शनिवारी आणून."

"तू?"

"आण इकडे." तिने पदराला हात पुसले, व्हेप घेतला, टाकी फिरवून वेगळी केली आणि आतली कॉइल चिमटीत धरून उजेडात पाहिली. "चांगली आहे अजून. कापूस पांढरा दिसतोय बघ. नवी घालताना आधी कापसावर दोन थेंब सोडायचे, आणि भरल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही. यांना दम नसायचा. सुकीच ओढायचे, की करपलीच."

मी तिच्या बोटांकडे बघत राहिले. व्हेप घरात आला तेव्हा याच बाईने मला सांगितलं होतं, 'यांना सांग, ते धुराडं माझ्या देवघराच्या आसपास दिसता कामा नये.'

"तुला हे कुणी शिकवलं?"

"खाली व्हेपच्या दुकानातला जहूर आहे ना, त्याने. मग येतच गेलं. यांना कुठे कळायचं कधी बदलायची ते? यांना वास येत नव्हता."

"म्हणजे?"

"करोनात गेला तो परत आलाच नाही. चवही अर्धीच."

मला तो शुक्रवार आठवला. कुठे, मस्त चाललीय.

"मला का नाही सांगितलं?"

"हेच म्हणाले, तिला कशाला काळजी."

मला काहीतरी खटकलं होतं, पण काय ते लगेच सापडेना. मग सापडलं.

"तुला म्हणाले?"

आईने टाकी परत बसवली. ती नीट बसली की नाही ते दोनदा पाहिलं.

"आई, बाबांना वास येत नाही हे तुला कसं कळलं? कॉइल जळली हे तू त्यांना कसं सांगायचीस?"

"बोलून. दुसरं कसं सांगणार?"

आतल्या खोलीत एसी सुरू झाला. मी खुर्चीच्या हातावर हात ठेवला.

"लॉकडाऊन लागला," आई म्हणाली. "अबुधाबीची हद्द बंद. तू येईनास. एक दिवस हे असेच दारात बसून ओढत होते, आणि इतका घाण वास, की मला ठसका लागला. आणि हे आपले आरामात. मी म्हटलं, अहो, तुमचं जळतंय. निघून गेलं तोंडातून. हे म्हणाले, कुंदा, मला वास येत नाहीये. मी घाबरले. करोनाचं पहिलं लक्षण ते. मग काय, ताप, औषधं, रात्रंदिवस दोघंच. अबोला कुणाबरोबर धरणार?"

"आणि नंतर?"

"नंतर बोलत होतो की. भांडतही होतो. त्या रिकाम्या डब्याचंही झालं सगळं बोलून. रडले हे."

"पण मी यायचे तेव्हा... त्या शेवटच्या शुक्रवारी सुद्धा, 'यांना सांग'..."

"हद्द उघडल्यावर तू पहिल्यांदा आलीस," आई सावकाश म्हणाली. "केवढी वाळली होतीस. पायातले बूटही काढले नव्हतेस, आणि विचारलंस, 'आई, बाबांना काय काय सांगायचं राहिलंय?' तोंडावर असा काही भाव होता, की मला बोलवेना. तू झोपल्यावर हे म्हणाले, राहू दे, कुंदा. पोरगी त्यासाठी येते. तेवढं कारण काढून घेतलं, तर दर शुक्रवारी कशाला येईल ती या ओसाड गावात?"

"म्हणजे ठरवून?"

"ठरवून असं नाही. तू आलीस की आपोआप व्हायचं. तू गेलीस की हसायचो. हे तुझी नक्कल करायचे. 'आई, बदलतायत.' अगदी तुझ्यासारखी मान हलवून."

आई हसली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा. आणि लगेच तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं.

मला वाटत होतं, मला बरं वाटायला हवं. बाबा बोलते गेले होते. ज्या एका गोष्टीची मला इतकी वर्षं धास्ती होती, की यांच्यातलं एकजण तसंच, न बोलता जाईल, ती झालीच नव्हती. पण कानात नुसता एसीचा आवाज होता. दीड वर्ष मी दर आठवड्याला गाडी चालवत येत होते आणि दोन माणसांच्या मधे उभी राहून, त्यांनी एकमेकांना आधीच सांगितलेलं, पुन्हा सांगत होते.

"रागावलीस?" आईने विचारलं. "अगं, बोल ना काहीतरी. तुझ्या बाबांना वाटायचं, हिला सगळ्यांची वाक्यं येतात, स्वतःचंच एक येत नाही."

मी तिच्या हातातून व्हेप घेतला आणि टेबलावर ठेवला.

"आई, मार्चमध्ये मला रॉटरडॅमला नोकरी मिळाली होती. मला जायचं होतं. खूप जायचं होतं. तुम्ही दोघं बोलत नाही म्हणून मी नाही गेले."